पाच वर्षांच्या खंडानंतर रिझ्युमे कोणत्या मांडणीत लिहावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.ई. मेकॅनिकल, २०१२ साली उत्तीर्ण. जुलै २०१२ ते मे २०१५ भोसरीतल्या एका लहान कारखान्यात, मग जून २०१५ ते डिसेंबर २०१९ चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात. त्यानंतर दुसरं बाळ, सासूबाईंचा पक्षाघात आणि पाठोपाठ कोविड, त्यात नोकरी सुटली. २०२२ पासून पतीच्या सीएनसी जॉबवर्क शॉपमध्ये (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर इतर कंपन्यांचे भाग बनवून देणारं शॉप) अर्धा दिवस काम, पण ते ‘घरचंच, तसं काही नाही’. आता पुन्हा क्वालिटीतच पूर्णवेळ नोकरी हवी आहे. भाऊ म्हणतो, तारखा दिसणारच नाहीत असा फंक्शनल रिझ्युमे कर. मैत्रिणीने दोन रकान्यांचा रंगीत साचा पाठवला आहे. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. तुम्ही तारखांचाच रिझ्युमे करा. सर्वांत अलीकडचं काम वर, जुनं खाली, प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष. फक्त त्याच्या वर, पहिल्या पानाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापेल इतका मजकूर असा घाला की वाचणाऱ्याचं लक्ष खंडाकडे जाण्याआधी तुमच्या आजच्या तयारीकडे जाईल. तो मजकूर काय असावा ते खाली सांगतो.

पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आधी कंपनीत बसून आणि आता बाहेरून. रिझ्युमे हातात घेणाऱ्याच्या मनात उमेदवाराबद्दल एक शंका सर्वांत आधी उठते. नुकत्याच पास झालेल्या मुलाबद्दल ती असते की याला काम येतं का. एकाच कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल, हा दुसरीकडे रुळेल का. चार वर्षांत चार नोकऱ्या केलेल्याबद्दल, हा टिकेल का. मांडणी निवडायची ती या शंकेवरून. ज्या मांडणीत तुमच्याबद्दलच्या पहिल्या शंकेचं उत्तर सर्वांत आधी आणि पुराव्यासकट सापडतं, ती तुमची मांडणी.

मांडण्या मुळात तीनच. पहिली कालक्रमाची, म्हणजे अलीकडून मागे जाणारी. दुसरी कौशल्यांची, तुमच्या भावाने सुचवलेली. तीत ‘क्वालिटी सिस्टिम’, ‘टीम सांभाळणे’, ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ असे मथळे करून त्याखाली कामगिरी लिहायची आणि कंपन्यांची नावं शेवटी नुसती यादीसारखी द्यायची. तिसरी मिश्र. वर कौशल्यांचा आणि कामगिरीचा गोषवारा, खाली तारखांसकट पूर्ण क्रम. बाजारात दिसणारे बाकीचे शेकडो साचे हे या तिघींचेच रंग बदललेले अवतार आहेत. तुम्हाला मी सांगतो आहे ती तिसरी, पण तीत पहिलीचा कणा शाबूत ठेवून.

निव्वळ कौशल्यांची मांडणी मी खंड पडलेल्या कोणालाच सुचवत नाही. नेमकी तीच अशा लोकांना आधी सुचवली जाते, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

तुमचा रिझ्युमे शेवटी वाचणार आहे तो कारखान्याचा क्वालिटी हेड. त्याने वाचलं, ‘पुरवठादारांचे ऑडिट केले, रिजेक्शन कमी केले.’ त्याच्या मनात लगेच येतं: कुठे? कोणत्या भागासाठी? कास्टिंग की मशीन केलेला भाग? कोणत्या साली? कौशल्यांच्या मांडणीत कामगिरी आणि कंपनी यांची ताटातूट झालेली असते, त्यामुळे तुमचं चांगलं कामही त्याला तोलता येत नाही. सहा माणसं हाताखाली असलेल्या भोसरीच्या शॉपमध्ये केलेलं पीपॅप (नवा भाग पुरवण्याआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) आणि मोठ्या वाहन कंपनीला थेट माल देणाऱ्या कारखान्यातलं पीपॅप यांत फरक आहे, हे त्याला माहीत असतं. कुठलं ते न कळल्यामुळे तो लहानच धरतो.

त्याच्या आधी रिझ्युमे जातो एचआरकडे, आणि तिथे नजर पहिल्यांदा तारखांवर जाते. तारखा नसल्या की मनात येतं, काहीतरी लपवलंय. मग साधा कौटुंबिक खंड असला तरी समोरचा त्याहून वाईट कल्पना करतो. शिवाय नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर किंवा मोठ्या कंपन्यांच्या अर्जाच्या पानावर कामाच्या तारखा वेगळ्या भराव्याच लागतात. म्हणजे रिझ्युमेत झाकलं ते अर्जात उघडं पडणार.

आणि आता तर पीएफचा यूएएन आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला हा एकच क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. त्याच्या सेवा-इतिहासात कोणत्या कंपनीत कधी रुजू, कधी बाहेर, हे दिसतं. ऑफर देण्यापूर्वी किंवा दिल्यावर जी पार्श्वभूमी पडताळणी होते, तीत हा इतिहास बऱ्याच ठिकाणी मागतात. डिसेंबर २०१९ ची तारीख ओढून २०२१ करणारे लोक तिथे अडकतात आणि हातात आलेली ऑफर जाते. खंडामुळे ऑफर मागे घेतलेली मी क्वचितच पाहिली आहे. तारखांत फेरफार सापडल्यामुळे मागे घेतलेल्या मात्र पाहिल्या आहेत.

आता तुमच्याबद्दलची पहिली शंका काय असेल ते पाहू. तुम्हाला वाटतं, ‘ही बाई घरी का बसली होती’ असा प्रश्न विचारतील. एचआर विचारेलही. पण नोकरी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या क्वालिटी हेडची शंका निराळी असते: हिचं ज्ञान २०१९ मध्येच थांबलंय का? ही शंका रास्त आहे, कारण आपल्या क्षेत्रात या काळात खरंच बदल झाले.

एफएमईएचंच घ्या, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं ते आधीच शोधण्याची पद्धत. तुम्ही शिकलात ते आरपीएनचं, म्हणजे जोखमीच्या आकड्याचं गणित. सिव्हिरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (दोष किती वेळा घडेल) आणि डिटेक्शन (तो पकडणं किती अवघड) यांना एक ते दहा गुण, तिघांचा गुणाकार, जास्तीत जास्त १०००. अमेरिकेची एआयएजी आणि जर्मनीची व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून जून २०१९ मध्ये नवी पुस्तिका काढली. तिने आरपीएन बाजूला ठेवून ‘अॅक्शन प्रायॉरिटी’ आणली: हाय, मीडियम, लो. शिवाय सगळं काम सात पायऱ्यांत बसवलं. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा ही पुस्तिका येऊन सहाच महिने झाले होते. अनेक पुरवठादार तेव्हा जुन्याच तक्त्यावर काम करत होते, तुमची कंपनीही कदाचित त्यांतलीच. पुढे मार्च २०२४ मध्ये एपीक्यूपीची (नव्या भागाच्या गुणवत्तेचं आधीपासून नियोजन करण्याच्या पुस्तिकेची) तिसरी आवृत्ती आली आणि कंट्रोल प्लॅनला (काय, कसं, किती वेळा तपासायचं त्या आराखड्याला) त्यातून काढून त्याची स्वतंत्र पुस्तिका झाली. मुलाखतीत यातला एक तरी प्रश्न येणार, असं धरूनच चाला.

दुसरी बाजूही आहे. पीपॅपची २००६ ची चौथी आवृत्ती आणि एमएसएची (मोजमापाची पद्धत भरवशाची आहे का ते तपासण्याची) २०१० ची चौथी आवृत्ती तुम्ही रोज हाताळल्या आहेत आणि कारखान्यांत अजून त्याच टेबलावर आहेत. एट-डी (तक्रार आठ पायऱ्यांत सोडवणं) तसंच आहे, फाइव्ह-व्हाय (पाचदा ‘का’ विचारून मूळ कारण शोधणं) तसंच आहे, गेज आर अँड आर (मोजमाप दरवेळी सारखंच येतं का ते पाहणं) तसंच आहे. म्हणजे तुमचा बहुतांश माल ताजाच आहे, दोन-तीन जागी धूळ झटकायची आहे. ती आधी झटका. कोर टूल्सचं, म्हणजे एफएमईए, एपीक्यूपी, पीपॅप, एमएसए अशा पद्धतींचं, दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण पुण्यात मिळतं. ते करा, नव्या पद्धतीने एका भागाचं एफएमईए स्वतः लिहून पाहा. पतीच्या शॉपमधलाच एखादा भाग घ्या. हे केल्यावरच रिझ्युमेत लिहा. रिझ्युमेची मांडणी बदलून ही शंका मिटणार नाही. ती मिटवणारी गोष्ट हातात असली की मांडणी तिला वर आणून ठेवते, एवढंच.

तर वरचा तिसरा हिस्सा असा. पहिल्या ओळीत तुमचं नाव, फोन, ईमेल, राहण्याचं ठिकाण. त्याखाली तीन-चार ओळी, ज्यांचा आशय साधारण असा: क्वालिटी इंजिनिअर, वाहनांच्या मशीन केलेल्या भागांमध्ये साडेसात वर्षांचा कारखान्यातला अनुभव, पीपॅप, कंट्रोल प्लॅन, ग्राहकांच्या तक्रारींवर एट-डी. २०२२ पासून सीएनसी जॉबवर्क शॉपमध्ये तपासणी आणि कागदपत्रं. एफएमईएची नवी पद्धत आणि एपीक्यूपीची तिसरी आवृत्ती यांचं प्रशिक्षण, अमुक महिना अमुक साल. चाकण, भोसरी, तळेगाव पट्ट्यात लगेच रुजू होता येईल.

शेवटची ओळ गाळू नका. नोकरीत असलेल्या उमेदवाराला नोटीस पिरियड असतो, कुठे एक महिना, कुठे तीन. ज्याची लाइन माणसाअभावी अडली आहे त्याला ‘लगेच’ हा शब्द फार गोड लागतो. खंडाचा हा एक फायदा तुमच्याकडे आहे, तर तो वरच ठेवा.

‘आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधणे’ अशा धर्तीचं करिअर ऑब्जेक्टिव्ह मात्र पूर्ण काढा. ते सगळ्यांच्या रिझ्युमेत असतं आणि कोणीच वाचत नाही. पानावरची सर्वांत मोलाची जागा त्यात जाते.

या गोषवाऱ्याखाली तारखांचा क्रम सुरू होतो आणि त्यात सर्वांत वर येतं पतीचं शॉप. तुमच्या प्रश्नात तुम्ही हे काम ‘घरचंच, तसं काही नाही’ असं म्हणून उडवून लावलंत. ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही तिथे आलेल्या मालाची तपासणी करता, पहिल्या नगाचा रिपोर्ट भरता, ग्राहकाच्या ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकता, गेज कॅलिब्रेशनला पाठवता, ई-वे बिल काढता. क्वालिटी आणि डिस्पॅच मिळून हे अर्धवेळ काम आहे आणि तसंच लिहायचं: पद, शॉपचं नाव, गाव, ‘कौटुंबिक व्यवसाय, अर्धवेळ’, २०२२ पासून आजवर. ‘कौटुंबिक’ आणि ‘अर्धवेळ’ हे दोन्ही शब्द स्वतःहून लिहा. मुलाखतीत बाहेर आले तर कमीपणा, स्वतः लिहिले तर प्रामाणिकपणा. पीएफचा कायदा मुळात वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागतो, त्यामुळे लहान शॉपचं काम सेवा-इतिहासात दिसणार नाही. पडताळणीत विचारलं तर शॉपची जीएसटी नोंदणी आणि तुमच्या सहीचे तपासणी रिपोर्ट दाखवता येतील. ते आजपासून एका फाइलमध्ये लावून ठेवा.

त्याखाली खंडाची एकच ओळ. जानेवारी २०२० ते २०२२ मधला जो महिना असेल तो: ‘कौटुंबिक जबाबदारी (बालसंगोपन, घरातील आजारपण)’. बस. कारणमीमांसा नको, माफी नको. बाळंतपण, सासूबाईंचं दुखणं यांचा तपशील नको. ओळ क्रमातच असली की डोळा तिच्यावरून पुढे सरकतो. ती गाळली तर तिथे भोक दिसतं आणि डोळा तिथेच अडकतो. लिंक्डइननेही २०२२ मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेकसाठी वेगळी जागा दिली, ती वापरा आणि दोन्हीकडच्या तारखा जुळत्या ठेवा.

मग चाकणची नोकरी, आणि इथे हात सैल सोडा. पहिल्या पानाचा उरलेला भाग आणि दुसऱ्याचा वरचा भाग तिला द्या. तुम्ही तिथे होतात तो काळ आठवा. वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचं आयएटीएफ १६९४९ हे मानक ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं आणि जुन्या टीएस १६९४९ ची जागा त्याने घेतली. सगळ्या कारखान्यांनी २०१७-१८ मध्ये धावपळ करून ते बदलाचं ऑडिट पार पाडलं. तुम्ही त्यात होता का? कोणता विभाग तुमच्याकडे होता? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स हे वाहनांच्या धुराचं नवं मानक लागू झालं, म्हणजे २०१८ आणि २०१९ मध्ये चाकणमध्ये नव्या भागांच्या पीपॅपचा पूर आला होता. तुमच्या हातून त्यातले किती भाग गेले? ही माहिती तुमच्या प्रश्नात कुठेच नाही आणि क्वालिटी हेडला नेमकी हीच हवी आहे. ‘क्वालिटीशी संबंधित सर्व कामे पाहिली’ या ओळीपेक्षा ‘बीएस-सिक्ससाठी इतक्या नव्या भागांचे पीपॅप सादर केले, ग्राहकाची मंजुरी मिळवली’ ही एक ओळ खूप जड आहे. आकडे तुमचे खरे घाला. आठवत नसतील तर जुन्या सहकाऱ्याला फोन करा. तोही नसेल तर आकड्याविना भागाचं नाव आणि प्रक्रिया लिहा. अंदाजाचे आकडे ठोकून देऊ नका, त्यावरच उलटतपासणी होते.

भोसरीच्या पहिल्या नोकरीला तीन ओळी पुरेत. शिक्षण शेवटी. दहावी-बारावीचे टक्के आता कोणी विचारत नाही.

नावाचा एक मुद्दा बायकांच्या बाबतीत नेहमी राहून जातो. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या नावाने, पहिल्या नोकरीचं अनुभवपत्र माहेरच्या आणि दुसरीचं सासरच्या, असं बहुतेकींचं असतं. रिझ्युमेवर सध्याच्या पॅन-आधारवर आहे तेच नाव द्या आणि शिक्षणाच्या खाली एक ओळ टाका की पदवी आणि अमुक नोकरीची कागदपत्रं या नावाने आहेत. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र जवळ ठेवा. यूएएनमध्ये कोणतं नाव आहे तेही आत्ताच पाहून घ्या, ऑफर हातात आल्यावर ते दुरुस्त करायला वेळ पुरत नाही.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून आपल्या भागात वारंवार दिसणाऱ्या आणखी काही परिस्थितींबद्दल लिहितो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते कंत्राटी पेरोलवरच्या मुलांचं. मुलगा चाकणच्या एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर पाच वर्षं उभा असतो, पण कंत्राटदार तीनदा बदलतो. तो बिचारा रिझ्युमेत तीन कंत्राटदारांची नावं तीन नोकऱ्या म्हणून लिहितो आणि टिकाऊ मुलगा पळपुटा दिसायला लागतो. किंवा नुसतं मोठ्या कंपनीचं नाव लिहितो, आणि यूएएनमध्ये कंत्राटदाराचं नाव निघाल्यावर खोटा ठरतो. दोन्ही चूक. ज्या कारखान्यात काम केलं त्याचं नाव, विभाग आणि पूर्ण पाच वर्षांचा काळ हा एकच मथळा करा. लगेच त्याखाली बारीक अक्षरात ‘पेरोल: अमुक कंत्राटदार, या महिन्यापासून या महिन्यापर्यंत, नंतर अमुक’ असं लिहा. काम एक, पेरोल तीन, हे एका नजरेत कळतं. मांडणी कालक्रमाचीच, फक्त गठ्ठा नीट बांधलेला.

हेच कंपन्यांची नावं बदलतात तेव्हा. पटणी कॉम्प्युटर्स २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. त्यातला माणूस खुर्चीवरून न उठता तीन कंपन्यांचा झाला. टेल्कोची २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, बजाज टेम्पोची २००५ मध्ये फोर्स मोटर्स. सध्याचं नाव मथळ्यात, पूर्वीचं नाव त्याशेजारी, काळ सलग.

एकाच ठिकाणी वीस-बावीस वर्षं काढून व्हीआरएस घेतलेल्यांना वाटतं की लिहायला एकच नोकरी आहे. तसं नसतं. ट्रेनी, ऑपरेटर, सेटर, लाइन लीडर, मेंटेनन्सचा शिफ्ट इनचार्ज अशी पदं बदललेली असतात. प्रत्येक पद वेगळ्या नोकरीसारखं तारखांसकट मांडा, शेवटची दहा-बारा वर्षं तपशिलात आणि त्याआधीची दोन ओळींत. ‘हा दुसरीकडे रुळेल का’ या शंकेचं उत्तर द्यायचं तर कंपनीतल्या कंपनीत तुम्ही नवीन काय काय शिकलात ते वर यायला हवं: कोणती नवी मशीन बसवली, कोणत्या नव्या प्लांटला पाठवलं होतं.

आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी नुकती झालेल्यांनी शिक्षण वर ठेवावं, एक पान, बास. आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव, राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र आणि अॅप्रेंटिसशिप कुठे केली ते पहिल्या पाच ओळींत आणावं. अॅप्रेंटिसशिप हा तुमचा अनुभवच आहे, त्याला शिक्षणाच्या कोपऱ्यात ढकलू नका. कोणत्या मशीनवर हात बसला आहे त्या मशीनचं आणि कंट्रोलरचं नाव लिहा, फॅनक की सीमेन्स. एटीकेटीमुळे वर्ष गेलं असेल तर प्रवेशाचं आणि उत्तीर्ण होण्याचं, दोन्ही सालं सरळ लिहा.

मिश्र मांडणी खऱ्या अर्थाने शोभते ती सैन्यातून निवृत्त होणाऱ्यांना आणि क्षेत्र बदलणाऱ्यांना. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे हवालदार, नायक पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतात. त्यांच्या पोस्टिंगची यादी नुसती कालक्रमाने दिली तर नागरी कंपनीतल्या माणसाला त्यातून काही बोध होत नाही. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यांत्रिकी देखभाल विभागात, गाड्यांची देखभाल पाहिलेल्या माणसाने वर ‘इतक्या वाहनांची देखभाल, सुट्या भागांचा स्टोअर, इतक्या मेकॅनिकची टीम’ असं कारखान्याच्या बोलीत लिहावं आणि खाली सेवाकाळ द्यावा. युनिटचं ठिकाण किंवा नेमणुकीचा संवेदनशील तपशील कुठेही नको. शाळेत शिकवून आता कंपनीच्या ट्रेनिंग विभागात जाऊ पाहणाऱ्यांचंही असंच. वर नव्या कामाला लागू पडणारं, खाली जुना क्रम, तारखा शाबूत.

प्राध्यापकांचं जग वेगळं आहे. तिथे सगळे शोधनिबंध, सेट-नेट, परिषदा असा लांब सीव्हीच लागतो. एमपीएससी आणि सरकारी भरतीत रिझ्युमेचा प्रश्न येत नाही, अर्ज ठरलेला असतो.

परदेशी जायचं असेल तर त्या देशाची रीत पाळा. अमेरिकेला पाठवताना फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाका. आखातात फोटो, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्टची मुदत सहसा मागतात. जर्मनीत तारखा डावीकडे आणि तपशील उजवीकडे असा तक्त्यासारखा सलग जीवनक्रम चालतो, फोटो बहुधा असतो, आणि खंड दिसला की त्याचं कारण विचारतातच. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून इलेक्ट्रिशियन, नर्स अशी मुलं याबद्दल विचारतात. त्यांनी भारतातला रिझ्युमे जसाच्या तसा पाठवू नये.

आता मैत्रिणीचा साचा. कंपन्यांचं भरतीचं सॉफ्टवेअर रिझ्युमेतला मजकूर उपसून खणांत भरतं. दोन रकान्यांचं पान असेल तर पुष्कळदा ते डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं, आणि तुमच्या चाकणच्या नोकरीच्या मधोमध ‘छंद: वाचन’ येऊन बसतं. हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही सॉफ्टवेअर वाचतच नाहीत. कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे काढलेले असतात, त्यांचा अर्थ ना सॉफ्टवेअरला कळतो ना माणसाला. सॉफ्टवेअर आपणहून रिझ्युमे कचऱ्यात टाकतं हा समज मात्र सोडा. बहुतेक ठिकाणी भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोध घेतो. अनुभव, गाव, नोटीस पिरियड यांची चाळणी लावतो. चुकीच्या खणात गेलेला मजकूर त्या शोधात सापडत नाही, इतकंच.

हे घरी तपासता येतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. तिथे तो वाचण्यासारख्या क्रमात उतरला तर साचा ठीक. खिचडी झाली किंवा काहीच उतरलं नाही तर बदला. मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ यात पूर्ण नापास होते.

शिवाय आपल्या पट्ट्यात रिझ्युमे फिरतो व्हॉट्सअॅपवर आणि मुलाखतीच्या टेबलावर येतो तो काळ्या-पांढऱ्या प्रिंटच्या रूपात. निळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं त्या प्रिंटमध्ये करडी होऊन जातात. पांढरं पान, काळी अक्षरं, एक रकाना, मथळे ठळक. दोन पानं. फोटो नको. वडिलांचं किंवा पतीचं नाव, धर्म, मुलं किती, यातलं काही नको. शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र ठेवलंत तरी बिघडत नाही, काढलंत तरी चालतं. जागा कमी पडली तर आधी तेच काढा.

फाइलच्या नावात तुमचं नाव, ‘क्वालिटी इंजिनिअर’ आणि अनुभवाची वर्षं असू द्या. नुसतं ‘रिझ्युमे फायनल’ नको, एचआरच्या फोनमध्ये त्या नावाच्या फाइलींचा ढीग असतो. पाठवल्यावर पहिला फोन येईल तो बहुधा दोन-चार मिनिटांचा असेल आणि त्यात विचारतील, सध्या काय करता आणि मधे काय करत होता. शॉपचं काम आधी सांगा, मग खंडाचं एक वाक्य, मग नवं प्रशिक्षण, आणि लगेच चाकणचे पीपॅप. रिझ्युमेची प्रिंट फोनजवळ ठेवा. पलीकडचा माणूस तोच कागद समोर धरून वरून खाली विचारत येतो.